कॉक्सची चौकट नाणेनिधीच्या अभ्यासाला लावायची कशी?

(चर्चा; ‘शोधार्थी’, ‘तळटीप’, ‘दुसरी बाजू’, ‘परिच्छेद३’ ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

शोधार्थी: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्ज-अटींवर प्रबंध लिहिते आहे. सिद्धांताच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय राजकारणाचा चिकित्सक अभ्यासक रॉबर्ट कॉक्स आहे, पण पुढे तो कुठेच दिसत नाही, असा मार्गदर्शकांचा शेरा आला. ‘भौतिक क्षमता, कल्पना, संस्था’ हा त्याचा त्रिकोण प्रत्यक्षात कसा वापरतात? त्याच चिकित्सक परंपरेतला अँड्र्यू लिंकलेटरही घ्यावा का?

तळटीप: आधी संशोधनप्रश्न तपासा. ‘अटींमुळे वित्तीय तूट घटली का?’ असं विचारलंत की चालू व्यवस्था गृहीत धरली गेली. कॉक्सच्या १९८१च्या लेखातला भेद नेमका हाच: चालू व्यवस्थेच्या आत अडचणी सोडवणारा सिद्धांत वेगळा, ती व्यवस्था आली कुठून हे विचारणारा चिकित्सक सिद्धांत वेगळा. त्याच्या वळणाचा प्रश्न असा: तूट घटवणं म्हणजेच ‘सुधारणा’, हे कधी आणि कुणाच्या बळावर ठरलं?

मग कागदपत्रं. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे ती एकटी निर्णय अडवू शकते. ही झाली ताकद. पण खरा ऐवज इरादापत्रात, म्हणजे कर्ज मागणारं सरकार आपण काय करू हे निधीला लिहून देतं त्या पत्रात आहे. अटी निधीशी वाटाघाटी करून ठरतात, पत्र मात्र कर्जदार सरकारच्या नावाने जातं. खाली सही बहुधा अर्थमंत्र्यांची आणि मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांची. ‘आम्ही अनुदानं कमी करू’ हे कर्जदारच म्हणतो! धुरीणत्व (हेजेमनी) म्हणजे निव्वळ दादागिरी नव्हे, तर संमती मिळवून चालणारं वर्चस्व, हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

नेहमीची चूक म्हणजे तीन घटकांचे तीन उपविभाग पाडून मोकळं होणं. त्यांचे एकमेकांशी संबंध दाखवायचे असतात, तेही उत्पादनातल्या सामाजिक शक्ती, राज्यसंस्थेचं रूप आणि जागतिक व्यवस्था या तिन्ही पातळ्यांवर. देशातल्या कुणाला या अटी हव्याच होत्या? अर्थखातं, निर्यातदार, बँका? हे सुटलं तर ‘निधीने लादलं, देश झुकला’ एवढंच उरतं, आणि तो कॉक्सचं नाव लावलेला वास्तववाद, म्हणजे फक्त राष्ट्रांमधली ताकद मोजणारा सिद्धांत झाला.

दुसरी बाजू: वरचं बरोबर, पण फक्त इरादापत्रांवर विसंबू नका. कर्जाच्या वर्षापासून सुरुवात केलीत तर बदल दिसणारच नाही. ऑगस्ट १९७१मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली सांगड सुटली, मे १९७४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकसनशील देशांच्या मागणीवरून नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा मंजूर केला आणि १९८२च्या मेक्सिकोपासूनच्या कर्जसंकटात त्या मागणीतली हवा गेली. प्रतिधुरीणत्व, म्हणजे या वर्चस्वाला दिलेलं आव्हान, उभं राहून का ढासळलं, याचं उत्तर याच दहा-बारा वर्षांत आहे.

तळटीप: मान्य. हे प्रकरण आधी हवं.

परिच्छेद३: लिंकलेटर गाळा. कॉक्स इटालियन मार्क्सवादी ग्राम्शीकडून येतो, लिंकलेटर बराचसा जर्मन तत्त्वज्ञ हॅबरमासकडून. एकाचा भर उत्पादनसंबंधांवर, दुसऱ्याचा संवादावर आणि राजकीय समुदायातून कोण वगळलं जातं यावर. दोघांना एका परिच्छेदात बसवलं की ‘मुक्ती’ हा शब्द तेवढा उरतो. अटींची झळ बसणाऱ्यांना त्या ठरवताना बोलायला जागा होती का, असं स्वतंत्र प्रकरण असेल तरच तो घ्या.

शोधार्थी: इरादापत्रं किती देशांची?

तळटीप: एकाच देशाची, पण ओळीने सगळी. एका पत्रातली अट पुढच्यात ‘आमचं धोरण’ म्हणून आली की तिथे खूण करा.