शब्दचर्चा: लग्नपत्रिकेत ‘भाऊ’ आणि ‘बहिणी’ असे दोनच रकाने

अमळनेरहून प्रश्न

धाकट्या भावाचं लग्न काढलंय. आपल्याकडच्या पत्रिका तुम्हाला ठाऊकच आहेत, अर्धा कागद नुसत्या नावांनी भरतो. छापखानेवाल्याला मजकूर हवाय. आमच्यातलं मधलं पुण्यात नोकरीला आहे आणि नॉनबायनरी आहे, म्हणजे स्वतःला बाईही म्हणवत नाही, पुरुषही नाही. घरात हे पचलंय. आई आता फक्त फोन आला नाही म्हणून चिडते.

निमंत्रकांत नाव कुठे टाकायचं? आणि दुसरं, त्याच्यासोबत एक जण बरीच वर्षं राहतं. घरभाडं, दवाखाना, सणवार सगळं दोघांचं मिळून. प्रेमप्रकरण नाही, दोघंही तसं स्वच्छ सांगतात. या नात्याला काय म्हणायचं? मी ‘पार्टनर’ म्हणालो, तर काकांनी भलताच अर्थ काढला.

जळगाव

पहिल्याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे: भावंड. भावंड, नातवंड, पतवंड, भाचवंड, ही सगळी नपुंसकलिंगी आणि आजीच्या तोंडची. दोन रकाने मोडा, वर ‘भावंडं’ लिहा, खाली वयाप्रमाणे नावं. नावाआधी ‘चि.’ पुरे, ‘कु.’च्या भानगडीत पडू नका.

एक सावधगिरी. ‘आमचं भावंड आलं’ यात माया आहे. पण परक्याने मोठ्या माणसाबद्दल ‘ते आलं’ म्हटलं की हिणवल्यासारखं लागतं. बाहेर बोलताना आदरार्थी ‘ते आले’ बरं. त्यांना स्वतःसाठी काय आवडतं ते विचारा. काही जण ‘मी जातो’ म्हणतात, काही ‘मी जाते’, काही दोन्ही आलटून पालटून.

धुळे

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हा लैंगिकतेचा विषय ना? तो पत्रिकेपर्यंत कशाला आणायचा? आणि तृतीयपंथी म्हणायला काय हरकत आहे?

जळगाव

भाऊ, गोंधळ तुमचा नाही, ‘लिंग’ या शब्दाचा आहे. अवयवाला तोच, व्याकरणाला तोच, जनगणनेच्या रकान्यालाही तोच. म्हणून अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ वेगळा काढला: बाईपण-पुरुषपण समाज कसं ठरवतो आणि त्यात माणूस स्वतःला कोण समजतो ते. कोणाबद्दल ओढ वाटते, हा प्रश्नच निराळा. नॉनबायनरी माणसाला कोणाबद्दलही ओढ वाटेल, किंवा कोणाबद्दलच वाटणार नाही. शब्दावरून ते कळत नाही. पण हा शब्द निघाला की लोक थेट शेजघरात पोचतात. तिथे नसलेली नाती, भावंडांची, दोस्तीची, एका चुलीवर जेवणाऱ्यांची, मग कोणाला दिसतच नाहीत.

तृतीयपंथी म्हटलं की आपल्याकडे गुरू-चेल्यांचं घराणं डोळ्यांसमोर येतं. प्रत्येक नॉनबायनरी माणूस त्यातला नसतो. २०१९ चा केंद्रीय कायदा झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावनी, जोगता या पारंपरिक ओळखींबरोबर ‘जेंडरक्वीअर’, म्हणजे बाई-पुरुष या दोन खणांत न बसणारे, हेही वेगळं नोंदलं होतं. शेजारचंच उदाहरण घ्या. आमच्या जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली पाटील २०२१ ला ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. महिला प्रवर्गातून भरलेला अर्ज आधी बाद झाला होता, औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिलं. त्या स्वतःला स्त्री मानतात, म्हणून महिला प्रवर्ग. अमळनेरच्या भावंडाचं म्हणणं ‘दोन्ही नाही’ असं आहे. एकाच पोत्यात दोघांना भरू नये.

शिरपूर

अहिराणीत या बाबतीत अर्धं काम झालेलं शे! प्रमाण मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हणताच बोलणारा उघडा पडतो. आमच्याकडे मी जास, तो जास, ती बी जास. फार खूश व्हायला नको म्हणा, ‘जाई ऱ्हायना’, ‘जाई ऱ्हायनी’ आलं की भेद परत हजर. हाकेचंही तसंच. ‘अरे’ आणि ‘अगं’ दोन्ही माणूस ठरवून टाकतात, ‘अहो’ तेवढं मोकळं.

चाळीसगाव

दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोललंच नाही. ‘संबंध’ नको, तो शब्द कुजबुजीने पार नासवलाय. ‘दोन्ही घरांचे संबंध चांगले’ चालतं, ‘त्या दोघांचे संबंध आहेत’ म्हटलं की माना वळतात. ‘जोडीदार’ लग्नाच्या बाजारातला झालाय. ‘जिवलग’ गोड आहे, पण पत्रिकेत नाटकी दिसेल. मी ‘सोबती’ म्हणेन. सोबत प्रवासाची, म्हातारपणाची, कशाचीही असते, त्यात कोणी डोकावत नाही. पत्रिकेत मात्र वेगळा उल्लेख नको, ‘मित्रपरिवार’ या रांगेत नाव टाका.

अमळनेर

‘भावंडं’ ठरलं. ‘मित्रपरिवार’ला मात्र घरूनच विरोध झाला. आई म्हणते, आजारपणात रात्र रात्र जागलेलं माणूस मित्रपरिवारात कसं? श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट आपण भाऊबंदांतच खातो. गेल्या श्रावणात तिने स्वतःच्या हाताने तो रोट या सोबत्याच्या ताटातही वाढला होता. तिच्या हिशोबाने नाव भावंडांखालीच.

चाळीसगाव

मग आईचं ऐका. व्याकरणाचीही हरकत नाही.

नंदुरबार

वाचत होते, एक शंका. लग्नानंतर घरात लेकरू आलं की ते या मधल्यांना काय हाक मारणार? काका पुरुष, फुई म्हणजे आत्या बाई. भाचवंड, पुतवंड खाली उतरताना आहेत, वर चढताना असा एकही शब्द मला आठवत नाही.

शिरपूर

मलाही नाही. लेकरू बोलायला लागलं की तेच काहीतरी काढेल. आमच्या घरात एका आत्याला सगळे अजून ‘बुबू’ म्हणतात, ते नाव दीड वर्षाच्या पोराने ठेवलेलं.