डॅन्यूब क्रूझ : पैसे भरून कोणत्या टूर घ्यायच्या?

अंजनवेल_काठ

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात मी, हे आणि माझी नणंद असे तिघं पासाउ ते बुडापेस्ट अशा आठ दिवसांच्या रिव्हर क्रूझला जातोय. आम्ही गुहागरकडचे. धोपावे-दाभोळ फेरीबोट सोडली तर बोटीत बसायची सवय नाही.

कंपनीकडून टूरचा फॉर्म आलाय. प्रत्येक गावातली एक पायी फेरी तिकिटातच आहे. वेगळे पैसे भरून घ्यायच्या त्या अशा : लिंझहून साल्झबर्ग (पूर्ण दिवस), व्हिएन्नात बसने शहरदर्शन, शोनब्रुन राजवाडा आणि रात्रीची संगीताची मैफल, वाखाऊ खोऱ्यात सायकल, बुडापेस्टला गरम पाण्याचे हौद.

यांच्या उजव्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. सपाटीला तासभर चालतात, पाखाडी उतरताना मात्र हात धरावा लागतो. नणंदेला सगळंच बघायचंय, पुन्हा येणं होणार नाही म्हणते. पण सगळ्या टूर तिघांच्या धरल्या तर पडवीची कौलं उतरवून नवी घालण्याएवढा खर्च होतोय. काय घ्यावं, काय सोडावं?

वाशिष्ठी_चिपळूण

ताई, दोन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन हाच मार्ग केला. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची होती. माझं म्हणणं एवढंच, टूरचं नाव नंतर बघा. आधी बोट कुठल्या धक्क्याला लागणार ते विचारा, आणि मग पायऱ्या किती ते.

व्हिएन्नाचं बघा. बहुतेक बोटी राइखस्ब्र्युके पुलाजवळ लागतात. तिथून चालत फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन, यू-१ मेट्रो पकडली की चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ. बाहेर आलात की समोर सेंट स्टीफन कॅथेड्रल. मला हे माहीत नव्हतं, म्हणून बसचं शहरदर्शन घेतलं. पूर्ण सकाळ काचेतून इमारती बघण्यात गेली, उतरवलं एकदाच. पैशाचं सोडा, आईच्या हातातली व्हिएन्नातली एकुलती एक सकाळ गेली, ते मला अजून लागतं. ती टूर घेऊ नका.

शोनब्रुन मात्र घ्या. १४४१ खोल्यांचा राजवाडा, त्यातल्या चाळीसेक दाखवतात. आत जायची वेळ ठरवून मिळते आणि स्वतः गेलं तर गर्दीत ती वेळ मनासारखी मिळेलच असं नाही. टूरवाल्यांनी ती आधीच घेतलेली असते, पैसे त्याचे आहेत. दालनं सपाट आहेत. मागच्या टेकडीवरच्या ग्लोरिएटपर्यंत यांना चढवू नका, खाली बागेत बसू दे.

मेल्कचा मठ बहुतेक वेळा तिकिटातच असतो. तिथे बेनेडिक्टाइन साधू १०८९ पासून आहेत. आजची पिवळी इमारत १७०२ ते १७३६ मध्ये उभी राहिली. गावातून वर चढ आहे, तेव्हा बसने वरपर्यंत नेतात का ते आधी विचारून घ्या. जुन्या ग्रंथालयात आई इतकी रमली की गाइड पुढे गेला तरी हलेना.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा टप्पा. २००० साली तो जागतिक वारशात आला. सायकलची टूर त्याच वेळात असेल तर तुम्ही दोघं घेऊ नका, डेकवर खुर्ची धरून बसा. दोन्ही काठांनी उतारावर द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. जर्दाळूला तिथे मारिल्ले म्हणतात आणि आपण हापूसला जपतो तसं त्याला जपतात. ताजं फळ जुलैत संपतं, सप्टेंबरात मुरांबा मिळेल. ड्युर्नश्टाइनला वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. ती चढण नणंदबाईंना करू दे. खालचं गाव लहान आहे, पण फरशी गोट्यांची, आपल्या पाखाडीसारखीच पाऊल जपून टाकावी लागते.

आता पासाउ. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या तिथे एकत्र येतात. इल्झ काळसर, इन हिरवट दुधी, आणि पाणी बराच वेळ वेगवेगळं दिसतं. ते बघून आम्ही टाउन हॉलच्या मनोऱ्याशी आलो. त्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचं सर्वांत जास्त. आमचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. वडिलांनी २००५ च्या पाण्याची रेघ खांबावर पेन्सिलीने मारून ठेवली होती. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या रेघेच्या वर गेलं, आणि तोवर वडीलही राहिले नव्हते. आई त्या परक्या गावातल्या भिंतीला हात लावून उभी राहिली. "इथल्या बायकांनीपण असाच चिखल उपसला असेल," म्हणाली. हे कुठल्याच टूरमध्ये नव्हतं. म्हणून सांगतो, प्रत्येक दिवस भरू नका.

मेढा_मालवण

दादांचं बाकी पटलं. साल्झबर्गबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मी लिहिते. येऊन-जाऊन तीन तास बसमध्ये जातात हे खरं आहे. पण मी तीस वर्षं पेटी शिकवते. गेट्राइडेगासेमधल्या ज्या घरात २७ जानेवारी १७५६ ला मोझार्ट जन्मला, तिथल्या जिन्यावर उभं राहिले तेव्हा मला रडू आवरलं नाही. नणंदेला संगीताची ओढ असेल तर तिला एकटीला पाठवा. टूरबरोबर कुणी ना कुणी असतंच, आणि बसला उशीर झाला तरी कंपनी आपल्या माणसांची सोय बघते. लिंझहून स्वतः ट्रेनने गेलात आणि उशीर झाला, तर बोट थांबणार नाही.

देवरुख_घाट

बुडापेस्टचे हौद : सेचेन्यी १९१३ पासून आहे, उघड्यावर गरम पाण्यात बसता येतं. पण फरशी ओली असते. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारा आणि रबरी तळाच्या चपला न्या. हंगेरीत चलन फोरिंट आहे, बाकी तुमच्या मार्गावर युरो. बुकिंगचं म्हणाल तर सायकलीसारख्या मर्यादित जागांच्या टूर आधी घ्या, बाकीच्या बोटीवर. रद्द केल्यास पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. आणखी एक, हर्णै बंदरात होड्या एकीला एक लावून उभ्या असतात तशा तिथे क्रूझ बोटीही लागतात. मग दुसऱ्या बोटीतून जाऊन धक्क्यावर उतरावं लागतं. मध्ये पायऱ्या येतात, यांच्यासाठी लक्षात ठेवा.

अंजनवेल_काठ

तिघांनाही मनापासून धन्यवाद. काल रात्री ओटीवर बसून ठरवलं. शोनब्रुन तिघांचं. साल्झबर्ग आणि सायकल फक्त नणंदेची, ती भजनी मंडळात गाते, मोझार्टचं घर ऐकल्यावर तिने बाकीचा फॉर्म वाचलाच नाही. हौदाचं डॉक्टरांवर सोपवलंय. पासाउला आम्ही एक दिवस आधी पोचतोय. दादा, त्या खुणा धक्क्यापासून लांब आहेत का?

वाशिष्ठी_चिपळूण

नाही ताई. बोट गावातल्या धक्क्याला लागली तर मनोरा समोरच दिसतो. वर बघत जाऊ नका, खुणा पायथ्याच्या भिंतीवर आहेत. सर्वांत वरची १५०१ ची, तिच्या खाली २०१३ ची.