साइटच्या स्केचसाठी पेन डिस्प्ले घ्यायचाय, १३ इंची की १६ इंची? बारीक आकडे नीट लिहिता येतात का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काम करते. मेन ड्रॉइंग ऑटोकॅडमध्येच होतात, त्याचा प्रश्न नाही. पण साइटवरून सारखे फोन येतात की मॅडम, या जॉइंटमध्ये बीमच्या सळया बसतच नाहीयेत, काय करू, आणि तेव्हा कॅड उघडून बसायला वेळ नसतो, हाताने डिटेल काढून लगेच पाठवावं लागतं. सध्या कागदावर काढते, मोबाईलने फोटो मारते आणि व्हॉट्सॲपवर टाकते. फोटोत हाताची सावली पडते, कागद वाकडा येतो, आणि सळई १० ची की १६ ची तेच फिटरला कळत नाही. हे मला फार लागतं, कारण तिकडे काँक्रीट पडलं की संपलं, मग काही दुरुस्त करता येत नाही.

म्हणून डोक्यात आहे की पेन डिस्प्ले, म्हणजे थेट पेनाने लिहिता येतं असा स्क्रीन, घ्यायचा, मूळ ड्रॉइंगची पीडीएफ त्यावर उघडायची, त्यावरच पेनाने लाल मार्किंग करायचं, बाजूला मोठं डिटेल काढायचं आणि पाठवून द्यायचं. बिनस्क्रीनचा साधा पेन टॅबलेट वापरून पाहिलाय, रेघा जमतात पण नजर वर आणि हात खाली, त्यामुळे आकडे लिहायला गेलं की अक्षर बिघडतं.

मावसभाऊ ॲनिमेशनचं काम करतो, त्याचा १५.६ इंची फुल एचडी डिस्प्ले सध्या आणलाय. लिहायला एकदम छान वाटतं, पेनात बॅटरी नाही, चार्जिंगची कटकट नाही. पण काही गोष्टी अडतायत.

सगळ्यात मोठी म्हणजे रिंगचा (बीम-कॉलमच्या उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या बारीक सळईचा) हूक. आय एस १३९२० (भूकंपरोधक काँक्रीट डिटेलिंगचं भारतीय मानक) प्रमाणे तो १३५ अंशात आत वळलेला दाखवावा लागतो, आणि ही छोटी तिरकी रेघ सावकाश काढली की थरथरल्यासारखी नागमोडी येते. पटकन ओढली तर सरळ येते. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर गाळून रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग) लावला की बरीच सुधारते, पण पीडीएफवर मार्किंग मी झुर्नल प्लस प्लसमध्ये करते, तिथे स्टॅबिलायझर चढवला की अक्षर मागे मागे रेंगाळतं. तुम्ही लोक रेघेला वेगळं आणि अक्षराला वेगळं सेटिंग ठेवता का?

दुसरं, पेन जरा टेकवून धरला की स्क्रीनवर छोटा गोल फिरतो आणि राइट क्लिक होतं. विंडोजमध्ये प्रेस अँड होल्ड बंद केलंय, तरी एका पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये चालूच आहे. ड्रायव्हरमधून विंडोज इंक (विंडोजची पेनासाठीची सोय) काढलं तर गोल जातो, पण तिथे प्रेशरही, म्हणजे दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणं, जातं. यातला मधला मार्ग कुणाला माहीत आहे का?

आता साइजचं. १३.३ आणि १५.६ दोन्ही १९२० बाय १०८० असतील तर लहानावर इंचाला साधारण १६६ पिक्सेल पडतात आणि मोठ्यावर १४१, म्हणजे बारीक आकडे लहानावर जास्त स्वच्छ दिसायला हवेत. पण मोठ्याचीसुद्धा उंची १९ सेंटीमीटरच्या आसपासच, म्हणजे आडवा ए फोर खऱ्या मापात पूर्ण मावत नाही, मग १३ इंचीवर तर सतत झूम करत बसावं लागेल ना? आमच्या टेबलावर कागदांचे ढीग असतात त्यामुळे लहान सोयीचा आहे, पण मान आखडेल असंही वाटतं. रोज ऑफिसात वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा.

अजून एक, माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय एकच आहे, त्यावर मॉनिटर लावलेला. यूएसबी सी आहे पण त्यातून डिस्प्ले जात नाही, फक्त डेटा. डॉक (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) घ्यावा लागेल का, आणि त्याने पेन मागे पडतो का?

आयपॅड घे म्हणणारे येतीलच 🙂 पण सगळ्या फाइल्स ऑफिसच्या लॅपटॉपवर आहेत आणि कॅड शेजारी उघडं लागतं, म्हणून तो नकोय.

बजेट पंचवीस-तीस हजार. सेकंड हँडही चालेल, फक्त तो घेताना काचेवरचे ओरखडे आणि केबलचं ढिलं पोर्ट सोडून अजून काय तपासायचं तेवढं सांगा.