आजोबांच्या ट्रंकेतली लाकडी पाटी, खंदकातली असंल का?

शिरोळचा_पाव्हणा:
नमस्कार मंडळी, आमच्या गावाकडच्या घराचा माळा साफ करताना चुलत आजोबांची ट्रंक निघाली, त्यात पलटणीचा बिल्ला, एक ब्लँकेट आणि हातभर लांबीची फळी, तिच्यावर ब्रशनं पांढऱ्या इंग्लिश अक्षरात कायतरी लिवलंय, 'डस्ट' एवढं वाचता येतंय आणि पुढं 'शे'. घरात सगळे म्हणत्यात आजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या लढाईत होते. चुलता म्हणतोय पॉलिश मारून हॉलमध्ये लावूया. लावू का?

पेठेतला_मावळा:
पॉलिश अजिबात नको भावा!! सँडपेपर पण नको, जुन्या रंगात शिसं असतंय आणि ती अक्षरं म्हणजेच सगळं हाय. पहिल्या महायुद्धात खंदकांचं लै जाळं होतं, रात्री माणूस चुकायचा, म्हणून सैनिकच बिस्किटाच्या नाहीतर काडतुसाच्या पेटीची फळी फोडून पाट्या रंगवायचे, इंग्रज पोरं तर खंदकाला लंडनच्या रस्त्यांची नावं द्यायची, पिकॅडिली वगैरे. फळीची मागची बाजू बघ आधी, पेटीचा शिक्का मागंच सापडतो. आणि प्लस खाचेचा स्क्रू असंल तर पहिलं महायुद्ध विसर, ते स्क्रू १९३० नंतरचे.

माजी_सुभेदार_गडहिंग्लज:
एक सांगतो, राग मानू नका. कुत २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या हाती पडलं, आतले बहुतेक सगळे कैदेत गेले, तिथून फळी घरी येणं मला पटत नाही. 'डस्ट' वरून वाटतं ही खंदकातली नाही, रस्त्याकडेची पाटी आहे. दुसऱ्या महायुद्धात 'धूळ उडाली की तोफगोळे येतात' अशा अर्थाच्या पाट्या असायच्या, म्हणजे 'शे' पुढं 'शेल्स'. गाडीची धूळ दिसली की शत्रूचा तोफखाना तिथंच मारा करायचा, ड्रायव्हरनं हळू जावं म्हणून ती पाटी. आपल्या मराठा पलटणी इटलीत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. आजोबांचा जन्म कधीचा? डिस्चार्जचा कागद शोधा.

शिरोळचा_पाव्हणा:
साहेब राग कसला, अंगावर काटा आला. जन्म १९२१ चा, म्हणजे कुतचं कसं जुळणार, आम्ही कुणी हिशोबच केला नव्हता, कुतला बहुतेक त्यांचे वडील असतील. मागं तीन रेघांचा बाण हाय आणि पुढं कोपऱ्यात तीन पिवळी फुलं, आम्हाला वाटलं नक्षी.

माजी_सुभेदार_गडहिंग्लज:
बाण म्हणजे सरकारी माल. आणि तीन फुलं क्लोव्हरची (तीन पानांचं एक गवत) असतील तर ती आठव्या इंडियन डिव्हिजनची खूण, ही डिव्हिजन इटलीत लढली. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि चुलत्यांच्या हातातलं पॉलिश आधी काढून घ्या.