डि अँझातून बर्कलीला जाणं म्हणजे मागचं दार? मला नाही पटत

कूपर्टिनोची_आई
लेकीला यंदा बर्कली आणि यूसीएलए दोन्हीकडून नकार आला. एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत मिळालंय पण वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातोय. तीच म्हणाली, आई मी डि अँझाला (इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज) जाते, दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेते. पाडव्याला जेवायला आलेली मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "अगं तिथे कुणालाही घेतात." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कुणालाही घेतात म्हणूनच तर ते कॉलेज आहे ना! 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच कॅलिफोर्नियाने ठरवलं की कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं आणि तिथून यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; बर्कली, यूसीएलए तिचेच कॅम्पस) जायची वाट ठेवायची. डि अँझात युनिटला (म्हणजे कोर्सच्या एका क्रेडिटला) 31 डॉलर, ट्रान्सफरला 90 क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची ट्यूशन 3 हजारांच्या आत (पुस्तकं वगैरे वेगळी). यूसीएलए हायस्कूलमधून शंभरातली साधारण 9 मुलं घेते, ट्रान्सफरमध्ये जवळपास चौथा हिस्सा. यात कमीपणा कसला?

फ्रीमाँटकर
ताई, तो चौथा हिस्सा सगळ्या मेजरचा (मुख्य विषयांचा) मिळून आहे, त्यावर विसंबू नका. सोशिऑलॉजीचं वेगळं, कंप्युटर सायन्सचं वेगळं. आणि सगळे टॅग टॅग करतात (अटी पूर्ण केल्या की ट्रान्सफरची हमी देणारी यूसीची योजना), पण टॅगची गॅरंटी फक्त सहा कॅम्पसची: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. त्यातही टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, आणि गर्दीच्या मेजरना काही ठिकाणी तो लागूच नाही. स्वप्न बर्कलीचं आणि गॅरंटी मर्सेडची, हे मुलीला आत्ताच स्पष्ट सांगा.

डिप्लोमावाला_सांगली
मी दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं आणि डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेलो. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, मार्क कमी पडले का रे? एम-थ्रीने (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरने) रडवलं हे खरं, बारावीवाल्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं, पण मशीन ड्रॉइंगला तेच माझ्याकडे यायचे. डिग्रीच्या कागदावर कुठून आलास ते लिहिलेलं नसतं, इथेही नसतं. जाऊ दे पोरीला.

एक_ट्रान्सफर
काका, कागदावर नसतं पण अंगावर येतं. मी फूटहिल कम्युनिटी कॉलेजवरून यूसीएलएला गेलो, सप्टेंबरअखेर वर्ग सुरू, दहा आठवड्यांचा क्वार्टर, श्वास घ्यायच्या आत मिडटर्म आणि त्याच दिवसांत पुढच्या समरच्या इंटर्नशिपचे अर्ज, बाकीच्यांची दोन वर्षांची मैत्री, प्रोफेसर ओळखीचे, कुणी आधीच लॅबमध्ये काम करतंय आणि मी बिल्डिंग शोधतोय. ही दोन वर्षं परत मिळत नाहीत, पैशाच्या हिशोबात ती कुणी धरत नाही. माझ्या मित्राचा तर फिजिक्सचा एक कोर्स राहिला आणि मेजरच हुकला. असिस्टच्या साइटवर आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत धरतात ते सगळं असतं, ते पहिल्या आठवड्यात बघा, दुसऱ्या वर्षी नाही.

फ्रीमाँटकर
हेच म्हणतोय मी. आणि कृपा करून स्टॅनफर्डची आशा तिला कुणी लावू नका. तिथे ट्रान्सफरला शंभरात दोन-तीन घेतले तरी खूप, कारण आत गेलेली मुलं सोडून जातच नाहीत, जागा होणार कुठून? प्रिन्स्टनने तर 1990 ते 2018 ट्रान्सफर घेतलेच नव्हते. यूसीचं वेगळं, हायस्कूलमधून आलेल्या दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर हे त्यांचं धोरण आहे आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना पहिली पसंती. तेवढीच वाट धरायची तर धरा.

कूपर्टिनोची_आई
तेवढीच धरतोय दादा, स्टॅनफर्ड डोक्यात नाहीच. तिला बायोलॉजी करायचंय. काल रात्री दोघी असिस्ट उघडून बसलो, आधी वर्षभर जनरल केमिस्ट्री आणि मगच ऑरगॅनिक, म्हणजे पहिल्याच क्वार्टरला केमिस्ट्रीत जागा मिळाली नाही तर सगळं पुढे ढकललं जाणार. मैत्री मागे राहते हे वाचून पोटात कालवलं, तिला तुमचं वाचून दाखवलं, ती गप्प झाली आणि मग म्हणाली चालेल. नव्या मुलांना केमिस्ट्रीत फॉलला जागा मिळते का, की समरलाच पहिला कोर्स उरकावा? डि अँझावाल्यांनी सांगा, रजिस्ट्रेशन जवळ आलंय.