मदत हवी आहे : दहावीला केप्लरचा नियम स्टेलॅरियमवर शिकवायचा आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत दहावीला विज्ञान शिकवते. पहिल्याच धड्यात, गुरुत्वाकर्षणात, केप्लरचे नियम येतात, पण तेव्हा आकाशात नुसते पावसाळी ढग! म्हणून यंदा स्टेलॅरियम, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर आकाश दाखवणारा मोफत प्रोग्रॅम, वापरायचं ठरवलंय.

घरच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. ठिकाण नाशिक ठेवलं, तर ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण 20 अंशांवर दिसला, म्हणजे आपल्या अक्षांशाइतकाच. मग गुरू मोठा करून वेळ पुढे सरकवला. गुरूच्या चंद्रांपैकी आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत त्याच्याभोवती फेरी मारतो, युरोपाला जवळपास दुप्पट वेळ लागतो, गॅनिमिडला चौपट. मुलांनी हे आकडे स्वतः मोजावेत आणि कालावधीचा वर्ग व गुरूपासूनच्या अंतराचा घन यांचं गुणोत्तर (केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार ते सगळ्या चंद्रांसाठी सारखंच येतं) स्वतः काढावं, अशी फार इच्छा आहे.

अडचण अशी की शाळेतले संगणक जुने, 2 जीबी रॅमचे. प्रोग्रॅम उघडला की पडदा काळाच राहतो. जुनी आवृत्ती टाकावी का? की एकाच लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून सगळ्या वर्गाकडून मोजमापं करून घेता येतील? ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.