लिस्बनला दुसऱ्यांदा जाऊन 'तिथलेच' होणाऱ्यांनो, जरा थांबा

रावपुऱ्याचा नातू
काल एकाने आपल्या या बडोदेकरांच्या कट्ट्यावर लिहिलं की पहिल्या खेपेला तो लिस्बन 'टुरिस्टासारखं' फिरला, या खेपेला आल्फामा या तिथल्या जुन्या वस्तीत फ्लॅट भाड्याने घेऊन 'तिथलाच होऊन' राहिला, आणि २८ नंबरच्या ट्रामसाठी ताटकळणाऱ्यांची त्याला कीव आली. ही कीव माझ्या डोक्यात गेली. अहो, मागच्या वेळी त्याच रांगेत तुम्ही होतात ना?

तिथला माणूस सकाळी उठून कामावर जातो, पोराला शाळेत सोडतो, घरभाड्याच्या नावाने बोटं मोडतो. तुम्ही अकराला उठून कोपऱ्यावर उभ्याने कॉफी प्यालात. सुट्टी आहे, खुशाल प्या. पण वर मिरवता काय, तर जेरोनिमोस मठात 'पाऊलही टाकलं नाही'! आत वास्को द गामाची कबर आहे. त्याच्यामागून आलेले पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर १९६१ पर्यंत ठाण मांडून बसले. ती बघायला मी तिसऱ्यांदाही जाईन, गळ्यात कॅमेरा अडकवून.

कारेलीबागकरीण
दादा, एवढं तापायला काय झालं? लेक तिथे शिकत होती म्हणून माझं दोनदा जाणं झालं, आणि फरक पडतो. पहिल्यांदा हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर आलं. आम्ही 'काय पाहुणचार!' करत फस्त केलं. बिलात सगळ्याचे पैसे लावलेले. दुसऱ्यांदा वेटर बशी ठेवायला लागला, मी नुसता हात आडवा केला; त्याने निमूट उचलली. किल्ल्यावर जायला २८ मध्ये चेंगरून, खिसा सांभाळत कशाला मरायचं? फिगेरा चौकातून ७३७ ची छोटी बस थेट वर जाते. काइश दु सोद्रेहून बोटीने पलीकडे कासिल्यासला गेलं की अख्खं शहर समोर मांडलेलं दिसतं. पहिल्या वेळी हे कुणाला सुचतं? तेव्हा यादी संपवायची घाई असते. मी काही पोर्तुगीज झाले नाही, बुजणं तेवढं गेलं.

ओटल्यावरचा
मला ट्राम नाही, तो आल्फामातला फ्लॅट खुपला. असल्या फ्लॅटांपायी तिथल्या म्हाताऱ्यांना घरं सोडावी लागली. २०२३ मध्ये सरकारने लिस्बनमध्ये पर्यटकांना घरं देण्याचे नवे परवाने थांबवले, पुढच्याच वर्षी नवं सरकार आलं आणि बंधन सैल झालं. आमच्या बडोद्याच्या पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीत, तर परवाना-बिरवाना कोण विचारतो? वरचा मजला नवरात्रात दिवसावर जातो. रात्री एकला गरबा खेळून येतात, लाकडी जिन्यावरून बॅगा धडधड ओढतात, चुकून आमची बेल वाजवतात आणि वर आम्हालाच विचारतात, 'भैया, वायफाय का पासवर्ड?' एकदा आईने चिडून दार उघडलं तर चणियाचोळीतली पोरगी तिलाच म्हणाली, 'आंटी, पानी मिलेगा?' दिलं पाणी. करणार काय!

वाडेवाली आत्या
आलात मूळ पदावर. तुमच्या झोपेसाठी आम्ही खोल्या रिकाम्या ठेवायच्या का? मुलं परदेशात, वाड्याला आम्ही दोघं. नवरात्रात दोन खोल्या देते, त्यात वेरो (घरपट्टी) भरला जातो आणि कौलं चाळून होतात. वाडा पडला की तुम्हीच इथे 'जुनं बडोदं गेलं हो' म्हणून फोटो टाकणार. कौलाला एक रुपया तरी दिलात का कधी?

ओटल्यावरचा
आत्या, तुमच्या वाड्याबद्दल बोललोच नव्हतो. पण लागलं तर लागू दे.

निवृत्त काका
मूळ मुद्दा पार्किंगचा आहे. नवरात्रात सुरसागर तळ्याच्या आसपास बाहेरच्या गाड्या अशा लावतात की स्कूटर काढता येत नाही. यावर कोणी बोलत नाही.

रावपुऱ्याचा नातू
काका, धागा लिस्बनचा आहे.

फतेहगंजवाला
मग लिस्बनचंच ऐका. तिथे लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे. बाहेर चपला काढत होतो, शेजारच्या बा (गुजराती आजी) म्हणाल्या, 'क्यांथी आव्या?' म्हटलं, वडोदरा. मग सुटल्याच. माहेर-सासर दोन्ही दीवची, जन्म मोझांबिकमध्ये, तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर कुटुंब लिस्बनला आलं. नातवंडं आपसात पोर्तुगीजमध्ये भांडत होती. मी मराठी कळल्यावर बा म्हणतात, 'तो गुजराती आटलुं सरस केम आवडे छे?' (मग गुजराती इतकं छान कसं येतं?) हाच प्रश्न मला बडोद्यात रिक्षावाला विचारतो! १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांकडे आलं, आणि आम्ही अजून पाहुणे. आता सांगा, त्या बा तिथल्या की नाही? आल्फामावाल्या पाहुण्याला अशी माणसं दिसली का? त्याला चौकटीच्या शर्टातला, सार्डिन भाजणारा म्हाताराच हवा असणार.

कारेलीबागकरीण
हे मात्र पटलं. पण दादा, तुम्हालाही बा भेटल्या त्या देवळात गेलात म्हणून. पहिल्याच खेपेला गेला होतात का?

फतेहगंजवाला
...नाही. दुसऱ्या.

कारेलीबागकरीण
मला एवढंच ऐकायचं होतं.

ओटल्यावरचा
आणि नातूसाहेब, वास्को द गामाची कबर तिसऱ्यांदा बघणार तुम्ही. रावपुऱ्यातच तांबेकर वाडा आहे, भिंती चित्रांनी भरलेल्या. आत कधी गेलात?

रावपुऱ्याचा नातू
शाळेच्या सहलीत.

ओटल्यावरचा
शाळा रावपुऱ्यात, सहल रावपुऱ्यात. छान.

रावपुऱ्याचा नातू
हसा. ७३७ ची टीप लिहून घेतली, देवळाचीही. पण रांगेतल्या लोकांची कीव करणारा माणूस मला अजूनही आगाऊच वाटतो, त्यावर एका शब्दाने मागे हटणार नाही. आत्या, दोन खोल्या दिवाळीतही देता का? पुण्याचे पाहुणे आहेत. आणि काका, पार्किंगचा वेगळा धागा काढा.

वाडेवाली आत्या
देते. गाडी मात्र आणू नका म्हणावं.

निवृत्त काका
बघा! वेगळा धागा काढणार नाही, इथेच लिहिणार.